पुदिना : वाळलेल्या पानांच्या वापराचा इतिहास

पुदिना : (हिं. पुदीना; गु. फुदिनो, फार्सी पूदीना, अरबी नअना, लॅ. मेंथा स्पायकॅटा, कुल–लॅमिएसी, पूर्वीचे नाव लॅबिएटी). तुळस, सब्जा, ओवा-पान इ. वनस्पतींच्या कुलातील एक बहुवर्षायू सुगंधी ओषधी. तिची ताजी पाने चटणी-कोशिंबिरीत सर्वत्र वापरात असली, तरी प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वाळलेल्या पानांचा चहा, स्वयंपाक व घरगुती फांट यांतील वापर आणि त्या वापराचा इतिहास यांचे विवेचन केले आहे. वाळलेला पुदिना म्हणजे ताज्या पुदिन्याच्या अभावी वापरावयाचा दुय्यम पदार्थ, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा, इराक व इराण येथील पाकपरंपरा पाहता ही समजूत टिकत नाही. त्या प्रदेशांत ताजे व वाळलेले पान हे दोन स्वतंत्र जिन्नस मानले गेले असून त्यांची कामेही वेगळी आहेत.

वनस्पती व तिची ओळख : ही ओषधी सु. ३० ते १०० सेंमी. उंच वाढते. खोड चौकोनी, पाने समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाची, भाल्यासारखी व दंतुर कडांची, फुले फिकट जांभळी वा पांढरी असून शेंड्याकडील निमुळत्या कणिशात येतात. जमिनीलगत व जमिनीखाली धावणाऱ्या धुमाऱ्यांमुळे ती झपाट्याने पसरते व लागवडही त्यांपासूनच करतात. लिनीअस ह्यांनी १७५३ मध्ये तिला सध्याचे शास्त्रीय नाव दिले. ती मेंथा सुआव्हिओलेन्स व मेंथा लाँगिफोलिया ह्या दोन रानटी जातींच्या संकरातून निर्माण झाली असे मानतात.

मेंथा प्रजातीतील जाती परस्परांशी सहज संकर पावतात, त्यामुळे नावांचा घोटाळा फार जुना आहे. नवव्या शतकात रायशेनौ येथील मठात राहणाऱ्या वालाफ्रिड स्ट्राबो ह्या कवीने आपल्या उद्यानविषयक काव्यात पुदिन्याचे सर्व प्रकार सांगणे हे समुद्रातील मासे मोजण्यासारखे असल्याचा अभिप्राय नोंदविला आहे. व्यवहारात तीन जातींची पुदिन्याशी गल्लत होते. पहिली पेपरमिंट (मेंथा पायपेरिटा). ही पाणपुदिना व पुदिना ह्यांचा वांझ संकर असून सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जॉन रे ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. दुसरी जपानी पुदिना (मेंथा आर्व्हेन्सिसचा एक प्रकार). मेंथॉलाच्या उत्पादनासाठी तिची लागवड भारतात १९५० नंतरच्या दशकात सुरू झाली व पुढे उत्तर प्रदेशात ती फार मोठ्या प्रमाणावर पसरली. तिसरी पेनिरॉयल (मेंथा पुलेजियम). ही औषधी म्हणून जुन्या ग्रंथांत वारंवार येते, परंतु तिच्यातील प्युलेगोन हे द्रव्य यकृताला घातक असते. इतिहासाचा अभ्यास करताना व घरगुती वापरातही ह्या जाती वेगळ्या ओळखणे आवश्यक ठरते.

वाळविण्याने होणारे बदल : पुदिन्याचा वास पानांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथिकेसांत साठलेल्या बाष्पनशील तेलामुळे येतो. ह्या तेलात कार्व्होन हा मुख्य घटक असून त्याच्या जोडीला लिमोनीन व इतर द्रव्ये असतात. पेपरमिंट व जपानी पुदिना ह्यांना थंडावा देणारे मेंथॉल पुदिन्यात नाममात्रच असते. म्हणूनच पुदिन्याची चव सौम्य व गोडसर लागते आणि ती दही, डाळी, मांस अशा पदार्थांशी जुळते. पेपरमिंट मात्र मुख्यतः मिठाई व औषधे ह्यांपुरते राहिले. शहाजिरे व शेपू ह्यांच्या बियांतही कार्व्होन असते, पण त्याची रेणुरचना पुदिन्यातील कार्व्होनाच्या आरशातील प्रतिमेसारखी असते. एकाच द्रव्याच्या ह्या दोन रूपांचे वास भिन्न असतात, हे १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निर्विवाद सिद्ध झाले.

ताज्या पानात चार-पंचमांशांहून अधिक पाणी असते. ते उडून गेल्यावर साधारणपणे ५ ते ७ किग्रॅ. ताज्या पाल्यापासून १ किग्रॅ. वाळलेली पाने मिळतात. वाळताना हिरव्या पाल्याचा कच्चा वास व तेलातील अधिक बाष्पनशील घटक बरेचसे निघून जातात. त्या मानाने कार्व्होन अधिक टिकून राहते. त्यामुळे वाळलेल्या पानाचा वास ताज्यापेक्षा कमी तजेलदार, पण अधिक खोल व उबदार भासतो. कार्व्होन पाण्यात अत्यल्प, तर तेलातुपात सहज विरघळते. वाळलेला पुदिना गरम तूप, लोणी वा तेल ह्यांत टाकून ती फोडणी पदार्थावर ओतण्याची जी रीत पश्चिम आशियात रूढ झाली, तिचे कारण ह्या गुणधर्मात आहे.

प्राचीन काळ : ग्रीक पुराणकथेनुसार मिंथी ही पाताळाचा अधिपती हेडीझ ह्याची प्रिया होती, त्याची पत्नी पर्सेफोनी हिने मत्सराने तिला पायदळी तुडविले व तिचे रूपांतर ह्या वनस्पतीत झाले. लॅटिन ‘मेंथा’ हे नाव ह्या ग्रीक शब्दाशी संबद्ध आहे. लागवडीतील पुदिन्याला ग्रीक भाषेत ‘हेडिऑस्मॉन’ म्हणजे ‘गोड वासाचे’ असे दुसरे नाव होते. नव्या करारातील सेंट मॅथ्यूच्या शुभवर्तमानात पुदिना, शेपू व जिरे ह्यांवरील दशमांशाचा उल्लेख येतो, तेथे हाच शब्द वापरलेला आहे. त्यावरून पहिल्या शतकात पॅलेस्टाइनमध्ये पुदिना हे परसातील नित्याचे, परंतु हिशेबात धरण्याजोगे पीक होते, असे दिसते. ह्याउलट डिमीटर देवतेच्या स्तोत्रात वर्णिलेल्या सातूच्या पेयातील सुगंधी वनस्पती म्हणजे पेनिरॉयल होय. तिचा पुदिना असा अनुवाद करणे बरोबर नाही.

डायॉस्कोरिडीझ ह्या ग्रीक वैद्याने पहिल्या शतकातील आपल्या औषधिग्रंथात पुदिन्याचे पाचक व उष्ण असे वर्णन केले आहे. पुदिन्याची पाने दुधात ठेवल्यास ते फाटत नाही, ही समजूत त्याच्या व थोरल्या प्लिनीच्या (इ. स. २३–७९) ग्रंथांत आढळते. वाळलेल्या पानांच्या स्वयंपाकातील वापराचा स्पष्ट पुरावा एपिशियसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रोमन पाककृतिसंग्रहात मिळतो. त्यातील कालवांवर घालावयाच्या जिऱ्याच्या सॉसमध्ये मिरी, मध, शिर्का व माशांचा आंबविलेला रस ह्यांबरोबर ‘वाळलेला पुदिना’ असा मुद्दाम वेगळा निर्देश केलेला आहे. त्याच कृतीत भारतातून रोमला जाणारे तमालपत्रही आहे. समुद्रपार आलेले महागडे पान व परसात वाळविलेले स्वस्त पान एकाच भांड्यात पडत होते, ही गोष्ट मसाल्यांच्या व्यापाराच्या इतिहासात लक्षणीय आहे.

मध्ययुग : शार्लमेनच्या काळातील (सु. ८००) राजकीय जहागिरींविषयीच्या आज्ञापत्रात बागेत लावावयाच्या वनस्पतींच्या यादीत पुदिन्याचा समावेश असून मठांच्या औषधी वाफ्यांतही तो असे. यूरोपच्या थंड हवामानात हिवाळ्यात हिरवा पाला मिळत नसे; त्यामुळे तेथे वाळविण्याचा हेतू मुख्यतः साठवणीचा होता. अठराव्या शतकातील इंग्रजी पाककृतिपुस्तकांत वाटाण्याच्या सारावर वाळलेला पुदिना चुरून घालण्यास सांगितलेले आढळते, ते ह्याच परंपरेचे द्योतक होय.

अरबी-इराणी जगातील परंपरा वेगळी होती. मुहंमद बिन हसन अल्-बगदादी ह्याने १२२६ मध्ये सिद्ध केलेल्या पाकशास्त्रावरील ग्रंथात आंबट रश्शांच्या अनेक कृतींच्या शेवटी वाळलेला पुदिना हातावर चोळून भांड्यात टाकण्याची सूचना येते. त्याच ग्रंथात अन्यत्र ताज्या पुदिन्याच्या जुड्याही वापरलेल्या आहेत. दोन्ही रूपे उपलब्ध असताना त्यांत निवड करणाऱ्या स्वयंपाक्याची ही दृष्टी आहे. डाळिंबाचा रस, शिर्का, कच्च्या द्राक्षांचा रस व दही ह्यांचा आंबटपणा आणि मांसाची चरबी ह्यांचा मेळ घालण्याचे काम वाळलेल्या पानाकडे होते. शिर्का व मध वा साखर ह्यांचे ‘सिकंजबीन’ हे पेय ह्याच प्रदेशातील. इब्न सीना (९८०–१०३७) ह्याने त्यावर एक स्वतंत्र लघुप्रबंध लिहिला. इराणात हे पेय आजही पुदिन्याचा स्वाद देऊन करतात. भारतातील ‘शिकंजी’ हे नाव त्यावरूनच आले आहे.

इराण, तुर्कस्तान व सायप्रस : इराणात वाळलेला पुदिना तेलातुपात परतून केलेल्या फोडणीला ‘नअना दाग’ म्हणतात. शेवया, कडधान्ये व पालेभाज्या ह्यांच्या ‘आश-ए-रेश्ते’ ह्या दाट सारावर व ताकापासून केलेल्या कश्क घातलेल्या वांग्याच्या भरतावर ती ओततात. चुरा टाकताच भांडे विस्तवावरून उतरविणे हे ह्या कृतीचे मर्म आहे. काही क्षण अधिक झाले, तरी पाने करपून कडू होतात. ‘दूग’ ह्या ताकात व काकडीच्या दह्यातही वाळलेल्या पुदिन्याचा चुरा घालतात. तुर्कस्तानात दही व तांदूळ ह्यांचे ‘यायला चोर्बासी’ हे सार, मसुरीची सारे आणि ‘मांती’ ह्या मांस भरलेल्या लहान उंड्या ह्यांवर पुदिना व लोण्याची फोडणी घालण्याची रीत आहे. सर्दी, मळमळ व पोटदुखी ह्यांवर पुदिना व लिंबू घालून केलेले ‘नाने-लिमोन’ हे गरम पेय तेथे घरोघरी देतात. सायप्रसमध्ये हलूमी (हेल्लीम) ह्या चीजच्या घडीत पुदिन्याची पाने घालतात. यूरोपीय संघाने २०२१ मध्ये ह्या चीजला भौगोलिक उत्पत्तीचे संरक्षण दिले, तेव्हा त्याच्या अधिकृत वर्णनात पुदिन्याची नोंद झाली.

मोरोक्कोतील चहा : पुदिन्याच्या चहाचा उल्लेख झाला की मोरोक्कोचे नाव प्रथम घेतले जाते, परंतु ही परंपरा समजली जाते तितकी प्राचीन नाही. अठराव्या शतकात चहा तेथे सुलतानाच्या दरबारी भेटवस्तू म्हणून येत असे व तो श्रीमंतांपुरताच मर्यादित होता. क्रिमियन युद्धामुळे (१८५३–५६) ब्रिटिश व्यापाऱ्यांना पूर्व यूरोपातील बाजारपेठा अडचणीच्या झाल्या व त्यांनी चीनचा गोळीदार हिरवा चहा टँजिअर व मोगादोर (सध्याचे एसवीरा) ह्या बंदरांत उतरविला. १८५६ च्या ब्रिटन-मोरोक्को तहाने आयातशुल्क १० टक्क्यांपर्यंत मर्यादित झाल्यावर चहा व साखर ह्यांचा खप खेडोपाडी पोहोचला. कडवट हिरव्या चहात परसातील पुदिना व भरपूर साखर घालण्याची पद्धत ह्या काळात सर्वत्र रूढ झाली.

ह्या प्रसाराला विरोधही झाला. चहा, साखर व चहाची भांडी हा सर्व माल परदेशी असल्याने देशाचे धन बाहेर जाते व लोक कर्जबाजारी होतात, असे म्हणणाऱ्या काही धर्मपंडितांनी व सूफी गुरूंनी चहा वर्ज्य करण्याचा उपदेश केला. १९१२ मध्ये देश फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला. विरोध मात्र टिकला नाही आणि परक्या मालावर आधारलेले हे पेय राष्ट्रीय आतिथ्याचे प्रतीक बनले. त्यात स्थानिक म्हणता येईल असा घटक प्रामुख्याने पुदिना हाच होता. मोरोक्कोच्या शहरांत ताजा पुदिना पसंत करतात. हिवाळ्यात कित्येकदा त्याच्या जोडीला दवण्याच्या प्रजातीतील एक कडू वनस्पती घालतात. सहारातील कोरड्या प्रदेशात मात्र ताजा पाला दुर्मिळ असल्याने वाळलेली पाने वापरतात. चहा नसलेला निव्वळ पुदिन्याचा फांट हे ह्याहून वेगळे पेय असून त्यात कॅफीन नसते.

अमेरिका : यूरोपीय वसाहतवाल्यांनी पुदिना उत्तर अमेरिकेत नेला. १७७३ च्या बॉस्टन येथील चहाविरोधी उठावाच्या काळात आयात चहाला पर्याय म्हणून ज्या वनस्पतींचे फांट लोकांनी स्वीकारले, त्यांत पुदिनाही होता. म्हणजे मोरोक्कोत पुदिना परदेशी चहाचा सोबती झाला, तर अमेरिकेत काही काळ तो त्याचा प्रतिस्पर्धी ठरला. पुढे तेथे पानांपेक्षा तेलाला महत्त्व आले. १८९३ मध्ये रिग्ली कंपनीने पुदिन्याच्या स्वादाचा चघळण्याचा गोंद बाजारात आणल्यावर तेलाच्या मागणीला मोठी चालना मिळाली.

भारत व महाराष्ट्र : मराठी व हिंदी ह्या दोन्ही भाषांतील नाव फार्सीतून आलेले आहे, त्यावरून स्वयंपाकातील पुदिन्याचा प्रसार इराणी पाकपरंपरेच्या संपर्काशी जोडता येतो. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरी ह्या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ग्रंथात भाजीपाल्याच्या दरांच्या यादीत पुदिना आहे. उत्तर भारतात वाळलेल्या पुदिन्याची पूड जलजिरे, चाट मसाला, रायते व पराठे ह्यांत घालतात. मुंबई व गुजरातमधील पारशी घरांत पुदिना व गवती चहा घालून उकळलेला दुधाचा चहा ही जुनी रीत आहे. महाराष्ट्रात पुदिना मुख्यतः ताजाच, चटणीसाठी वापरतात. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे ह्यांच्या वाळवणांबरोबर पुदिनाही सुकवून ठेवता येतो. मात्र त्यासाठी ऊन नव्हे, तर सावली लागते.

घरगुती फांटाच्या कृतीला आयुर्वेदातील परिभाषा उपयोगी पडते. शार्ङ्गधरसंहितेत स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट अशा पाच कल्पना सांगितल्या आहेत. उकळून आटविलेला तो क्वाथ अथवा काढा. गरम पाणी ओतून, झाकून, गाळून घेतलेला तो फांट. मूळ व साल ह्यांना काढा योग्य, तर ज्या पानांचा गुण बाष्पनशील तेलात आहे, त्यांना फांट योग्य. पुदिना उकळत ठेवल्यास त्याचे तेल वाफेबरोबर निघून जाते व कडवट तुरटपणा मागे उरतो. १ ते २ लहान चमचे वाळलेल्या पानांवर पेलाभर उकळते पाणी ओतून भांडे ५ ते १० मिनिटे झाकून ठेवतात व नंतर गाळतात. झाकणावर जमलेले थेंबही पुन्हा भांड्यात पडू देतात, कारण त्यांत सुगंधी अंश असतो.

वाळविणे व साठवण : फुलोरा येण्याच्या सुमारास, सकाळी दव उडून गेल्यावर कापणी करतात. धुऊन निथळलेल्या काड्यांच्या लहान जुड्या उलट्या टांगतात किंवा पाने स्वच्छ कापडावर एकेरी थरात, वारा खेळेल अशा सावलीच्या जागी पसरतात. यंत्राने वाळविताना तापमान सु. ३५° ते ४०° से. ठेवतात; त्याहून अधिक उष्णतेने तेल उडते. कडक उन्हाने रंगही काळपट होतो. पान बोटांनी चुरताच कुरकुरीत मोडू लागले, म्हणजे ते वाळले असे समजतात. अर्धवट ओल राहिल्यास बुरशी येते. पाने अखंड ठेवून हवाबंद डब्यात, उजेड व उष्णतेपासून दूर ठेवतात आणि वापरण्याच्या वेळीच चुरतात. कारण आधी केलेल्या पुडीतील तेलग्रंथी फुटून वास लवकर जातो. चांगले पान हिरवे दिसते व चोळताच दरवळते. तपकिरी, वासहीन पान वर्षापूर्वीचे वा उन्हात वाळलेले असण्याचा संभव असतो. ईजिप्तमधून वाळलेल्या पुदिन्याची मोठ्या प्रमाणावर निर्यात होते.

औषधी वापर व सावधगिरी : पुदिना वातहारक व पाचक मानला जातो आणि अन्नात व पेयात वापरल्या जाणाऱ्या मात्रेत तो सामान्यतः निर्धोक आहे. अलीकडे त्याच्या फांटाचा स्त्रियांतील पुरुषसंप्रेरकांवर होणारा परिणाम तपासला गेला. तुर्कस्तानातील इस्पार्टा येथे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात अंगावर अतिरिक्त केस असलेल्या २१ स्त्रियांना पाच दिवस फांट दिला असता रक्तातील मुक्त टेस्टोस्टेरोनाचे प्रमाण घटले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीस दिवसांच्या दुसऱ्या चाचणीतही संप्रेरकाचे प्रमाण घटले, परंतु केसांच्या वाढीत तपासणीअंती लक्षणीय फरक आढळला नाही. ह्या निष्कर्षांवरून पुदिन्याच्या चहाला उपचाराचे स्थान देता येत नाही. वैद्यकीय सल्ल्याची जागा तो घेऊ शकत नाही.

पेनिरॉयलची बाब अधिक गंभीर आहे. जुन्या यूरोपीय ग्रंथांत ऋतुप्राप्तीसाठी व गर्भपातासाठी सांगितलेल्या पुदिनावर्गीय औषधांत तिचा समावेश आहे. अशा ग्रंथांवर विसंबून तिचे तेल घेतल्याने १९७८ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका तरुण स्त्रीचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. वाळलेल्या व चुरलेल्या अवस्थेत ह्या प्रजातीतील जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. ताज्या पानावरून होणारी पारख वाळवणात हरवते. म्हणून परसात लावलेल्या, ओळखीच्या झाडाची पाने घरी वाळविणे अथवा वेष्टनावर शास्त्रीय नाव दिलेला माल घेणे हे दोन मार्ग सुरक्षित होत. अनेक शतके एकाच सैल नावाखाली वावरलेल्या ह्या वनस्पतींच्या बाबतीत नेमके नाव हा केवळ वर्गीकरणाचा विषय नाही. वापरणाऱ्याच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.